माथ्याचं पाणी

दालेंदाने फळ्यावर तीन चौकटी आखल्या आणि खडू ठेवायचं निमित्त करून टेबलाला टेकली. मूलद्रव्य, संयुग, मिश्रण. नोकरीला लागल्यापासून दर वसंतात ती ह्याच तीन चौकटी आखत आली होती. पूर्वी त्या सरळ यायच्या. आता तिसरी चौकट नेहमी जरा खाली घसरायची, कारण तिथवर पोचेपर्यंत खांदा भरून यायचा.

"जगात जे जे वजनाला भरतं आणि जागा अडवतं, ते सगळं ह्या तीन ठिकाणी बसतं," ती म्हणाली. "चौथी चौकट नाही. चला, नावं घ्या."

हा तिचा जुना खेळ होता. मुलींनी वस्तूचं नाव घ्यायचं, बाईंनी चौकट सांगायची.

"तांब्याची तार!"

"मूलद्रव्य. कितीही बारीक तुकडे करा, शेवटी तांब्याचाच अणू हाती येणार."

"मीठ!"

"संयुग. सोडियम आणि क्लोरीन. एकमेकांना असे बांधले गेलेत की चाळून, निवडून, फुंकून सुटायचे नाहीत."

"हरीसा!" मागून कुणीतरी ओरडलं आणि वर्ग हसला.

"मिश्रण. मिरची, लसूण, शहाजिरं, तेल. तुझ्या आईने लसूण जास्त घातला म्हणून हरीसाचं नाव बदलतं का? नाही. मिश्रणाचं प्रमाण घराघरात वेगळं. संयुगाचं मात्र ठरलेलं, तिथे तुझ्या आईचं काही चालत नाही."

दुसऱ्या बाकावरची घुफ्रान हात वर करून बसली होती. उघड्या खिडकीतून नारिंगाच्या मोहोराचा वास आत येत होता. त्या दिवसांत नाबुल गावात खिडकी उघडी ठेवून दुसरा कुठला वास येतच नाही.

"बाई, फुलांचं पाणी?"

"ऊर्ध्वपातन करूनच काढतात ना ते?" दालेंदा म्हणाली. "उकळायचं, वाफ करायची, वाफ गार करायची. मागच्या आठवड्यात खाऱ्या पाण्याचं केलं तसंच. शुद्ध पाणी. संयुगाच्या चौकटीत टाक."

"मग बाई, वास कशाचा येतो? शुद्ध पाण्याला वास नसतो, तुम्हीच लिहून दिलंय."

दालेंदाने तिच्याकडे पाहिलं. प्रश्न चांगला होता, हे तिला कळलं. दहा वर्षांपूर्वी ती ह्या प्रश्नावर टुणकन उभी राहिली असती, मुलींना गोळा केलं असतं. पण गुडघ्यात कळ येत होती आणि त्यानंतर अजून तीन तास होते.

"वह्या मिटा," ती म्हणाली. "घंटा होतेय."

घंटेला अजून वेळ होता. मुलींनी वह्या मिटल्या.

दालेंदा मूळची शेजारच्या बनी खियारची. बाप मागावर लोकरीच्या चादरी विणायचा आणि पाच मुलींत हीच तेवढी अभ्यासाला बरी निघाली. राजधानीत शिकायला गेली तेव्हा बापाने स्वतः विणलेली चादर बरोबर दिली आणि म्हणाला, थंडी वाजली तर घरी यायचं नाही, हीच पांघरायची. ती आली नाही. शिकली, मास्तरीण झाली, आणि नाबुलच्या हेदीशी लग्न करून ह्या घरात आली. हेदी मातीच्या भांड्यांना रंग द्यायचा, थोडं बोलायचा, आणि बायकोच्या पगाराविषयी कधी अवाक्षर काढायचा नाही. एक मुलगी झाली, ती आता स्फाक्सला नांदते. सहा हिवाळ्यांमागे हेदी गेला. घरात दोन विधवा उरल्या, दालेंदा आणि तिची सासू लल्ला बेया; लल्ला हे थोरल्या बाईला मानाने म्हणायचं.

दोघींचं भांडण असं कधी झालं नाही. घरात जे काम हातांचं, ते लल्ला बेयाचं आणि जे कागदाचं, ते दालेंदाचं, अशी वाटणी पहिल्या वर्षीच पडली होती. मोहोराचं पाणी अर्थात लल्ला बेयाचं. अंगणात एकच नारिंग होतं, पण जुनं आणि दांडगं. मार्च सरता सरता त्याच्याखाली चादरी पसरायच्या, फुलं उतरवायची, आणि खोलीत तांब्याचं कत्तार मांडायचं. खाली मोठ्या पोटाचा हंडा, त्यावर डोकं, डोक्यावर गार पाण्याचं भांडं आणि बाजूने उतरणारी नळी. नळीच्या तोंडाशी जी पहिली बाटली लागायची, तिला घरात माथ्याचं पाणी म्हणायचे. ते वेगळं ठेवायचं. बाळंतिणीला, तापाच्या माणसाला, आणि घरातलं कुणी गेलं तर शेवटच्या अंघोळीला. मागाहून उतरायचं ते हलकं, ते मिठाईत आणि कॉफीत.

हेदी गेला त्याआधीच्या वसंतात लल्ला बेयाचं मनगट मोडलं होतं. दालेंदाच्या दहावीच्या वर्गाच्या परीक्षा होत्या. "ह्या वर्षी बाजारातून आणू या लल्ला, काय बिघडतं," ती म्हणाली होती. तेव्हा काही बिघडलं नव्हतं. जानेवारीत बिघडलं. कपाटात माथ्याचं पाणी नव्हतं आणि हेदीला दुकानातल्या बाटलीतलं पाणी शिंपडून निरोप द्यावा लागला. लल्ला बेयाने त्यावर एक शब्द काढला नाही. न काढलेला तो शब्द सहा वर्षं त्या घरात जेवायला बसत होता.

ह्या हिवाळ्यात लल्ला बेयाचे हात कापायला लागले. कॉफीचा पेला दोन्ही हातांनी धरला तरी सांडायची. मार्चमध्ये एका सकाळी नमाज आटोपून ती तिथेच बसून राहिली आणि म्हणाली, "ह्या वर्षीचं पाणी तूच काढायचं. मला सहा बाटल्या नकोत. एक हवी. माथ्याची. माझ्यासाठी."

"असं नका बोलू, लल्ला."

"असं म्हणजे कसं? मला काय घाई नाहीये. पण मोहोर एप्रिल संपला की संपतो, मी कधी संपेन ते अल्लाहला ठाऊक. मी आधी संपले तर बाटली तयार हवी. हेदीच्या वेळेसारखं नको."

सहा वर्षांनी तो शब्द असा निघाला, अगदी साध्या आवाजात. दालेंदा म्हणाली, "काढते."

रविवारची सुट्टी. दालेंदाने पहाटे उठून खोली झाडली, ऊद जाळला, कत्तार लिंबू-मिठाने घासलं. आतल्या बाजूला हिरवा डाग पडला होता. तांब्याचा कळंक. तो विषारी असतो हे ती मुलींना दर वर्षी सांगायची. डाग बराचसा गेला, पण मनात राहिला.

मग अंगणात शिडी लावून ती झाडावर चढली. भिंतीपलीकडून शेजारच्या झकियाचं डोकं वर आलं.

"अगं बाई! मास्तरीणबाई झाडावर! आज सूर्य कुठून उगवला?"

"तुझ्या डोक्यावरून. जरा चादर ताणून धरायला येतेस का?"

"आले असते गं, पण आमच्याकडेही कत्तार लागलंय. आणि हळू हं! पडलीस तर शाळेचं काय होईल? सरकार बसेल रडत."

दुपारपर्यंत फुलं उतरली. शेंड्याकडची राहिली, कारण पाय थरथरायला लागले. दालेंदाने फुलं हंड्यात भरली, पाणी ओतलं, डोकं बसवलं आणि सांध्यावर कणकेत भिजवलेली चिंधी गुंडाळली. लल्ला बेया आपल्या खोलीतून पडल्या पडल्या सांगत होती. विस्तव मंद ठेव. वरचं पाणी कोमट झालं की बदल. त्या खोलीत कुणाला रागावून बोलू नकोस, पाणी आंबतं.

"मी एकटीच आहे, लल्ला. कुणाला रागावू?"

"स्वतःलाच रागावतेस तू. ऐकू येतं मला."

मग तिचा आवाज थांबला. डोळा लागला असावा.

दालेंदा बुटक्या स्टुलावर बसली. आदल्या रात्रीपर्यंत तिने पेपर तपासले होते आणि अजून दोन वर्गांचे गठ्ठे बाकी होते. तिने डोकं भिंतीला टेकलं. नळीच्या तोंडाला थेंब आला तशी ती हलली, आणि तिच्या हाताने जे केलं, ते तिने ठरवून केलं नाही. शाळेत खाऱ्या पाण्याचं ऊर्ध्वपातन करताना पहिले थेंब ती नेहमी वेगळ्या भांड्यात घेऊन फेकून द्यायची. काचेच्या नळीत वर्षभराची धूळ असते, ती त्यात धुऊन निघते. मुलींनाही तसंच शिकवायची. तिने बाटली बाजूला ठेवली आणि नळीखाली पातेलं सरकवलं.

पाणी दुधाळ, ढगाळ उतरत होतं. वरती तवंग होता. तो हिरवा डाग तिला आठवला. येऊ दे, स्वच्छ व्हायला लागलं की बाटली लावू, असं तिने मनाशी म्हटलं. स्वच्छ म्हणजे शुद्ध, गढूळ म्हणजे काहीतरी मिसळलेलं, हे तिने इतक्या वर्षांत इतक्या वेळा फळ्यावर लिहिलं होतं की डोळे मिटून लिहिता आलं असतं. तिचे डोळे जवळजवळ मिटलेच होते. पातेलं भरत आलं तेव्हा कुठे धार नितळ झाली. मग तिने बाटली लावली, पातेलं उचललं आणि अंगणात नेऊन नारिंगाच्या मुळाशी ओतलं. मोरीत ओतायला जीव झाला नाही, एवढंच.

परत येऊन तिने बाटलीला नाक लावलं. नितळ पाणी होतं. वासही होता, पण लांबचा. बंद दाराआड कुणीतरी फुलं ठेवल्यासारखा.

आणि उघड्या दारातून अंगणात ओतलेल्या पाण्याचा दाट वास आत आला.

दालेंदाने वळून नारिंगाकडे पाहिलं. ती स्टुलावर बसली नाही, कोसळली. फुलांतलं तेल वाफेबरोबर येतं. ते पाण्यात विरघळत नाही, थेंब थेंब होऊन तरंगतं, म्हणून पाणी ढगाळ दिसतं. दुधासारखंच. दूध मिश्रण आहे हे तिच्या सातवीतल्या पोरीही सांगू शकल्या असत्या. आणि ह्या घराला हवं होतं ते मिश्रणच. नुसतं पाणी तर विहिरीवरही फुकट मिळालं असतं.

"दालेंदा." आतून हाक आली.

"हं, लल्ला."

"वास फार छान येतोय."

"हो."

"माझ्या खोलीत कशाला येतोय? तो बाटलीत जायचा होता."

दालेंदाने ओठ ओले केले. "सांध्यातून वाफ सुटली असेल."

"वाफेचा वास वरून येतो. हा खालून येतोय. ओल्या मातीतून." मग आवाज जरा चढला. "काय सांडलंस तू?"

वाटलं असतं तर ती काहीही सांगू शकली असती. म्हाताऱ्या बाईला उठून बघता येणार नव्हतं. पण ती इतकी थकली होती की खोटं रचायचंही बळ नव्हतं, आणि वरचा सगळं बघत असतो ही भावना लहानपणापासून अंगात मुरलेली. ती दारात जाऊन उभी राहिली आणि तिने सांगितलं. पहिले थेंब, शाळेची सवय, ढगाळपणा, हिरवा डाग, सगळं.

लल्ला बेया ऐकत होती. मग म्हणाली, "इतकी वर्षं सरकारने तुला हेच शिकवायला पगार दिला? फेकायला?"

"चुकलं माझं."

"असू दे." तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. "माझ्या हेदीला दुकानातलं मिळालं. मलाही तेच मिळेल. मायलेकाला एकच."

दालेंदाने नितळ पाण्याच्या बाटल्या भरल्या, बुचं लावली, विस्तव विझवला. रात्रीचं जेवण लल्ला बेयाने परत पाठवलं.

सोमवारी वर्गात तिसऱ्या तासाला त्याच मुली होत्या. दालेंदाने पुन्हा तीन चौकटी आखल्या. मुली एकमेकींकडे बघायला लागल्या, कारण तो पाठ झाला होता.

"घुफ्रान, परवा तू काय विचारलंस?"

घुफ्रान घाबरून उभी राहिली. "काही नाही, बाई."

"विचारलंस. वास कशाचा, असं विचारलंस. मी सांगितलं ते चूक होतं. खाऱ्या पाण्यातलं मीठ उडत नाही, मागे राहतं, म्हणून शुद्ध पाणी मिळतं. फुलातलं तेल उडतं. ते वाफेचा हात धरून पलीकडे येतं. तेव्हा फुलांचं पाणी," तिने खडू तिसऱ्या, घसरलेल्या चौकटीवर टेकवला, "इथे."

"म्हणजे ऊर्ध्वपातन केलं तरी मिश्रण?"

"केलं तरी मिश्रण."

"पण बाई, आम्ही वहीत..."

"खोडा."

पानं उलटल्याचा आवाज आला. मागच्या बाकावरून कुजबुज ऐकू आली, "बाईंना बरं नाही का आज?" दालेंदाने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

घरी लल्ला बेया त्या दिवशीही बोलली नाही. सूप प्यायली, तेही झकियाने आणून दिलं म्हणून. झकिया जाताना दारात पुटपुटली, "आमच्यातली एक बाटली देऊ का गं?"

"नको. त्यांना ह्या घरच्या कत्ताराचंच हवं. आणि खरं सांगू? मलाही."

मंगळवारी दुपारी शाळा नव्हती. दालेंदा बाराच्या सुमारास थेट फुलबाजारात गेली. बाजार संपल्यातच जमा होता. ओट्यांवर ओल्या चादरी वाळत पडल्या होत्या. हसीबा नावाची एक जाडजूड बाई तेवढी टोपल्या रचत होती. तिच्या दोन्ही मुली दालेंदाच्या हाताखालून गेल्या होत्या.

"मोहोर? आत्ता?" हसीबा म्हणाली. "बाई, मोहोराला शाळेसारखी बेल नसते. तो आपला आपण सुटतो."

"काहीच नाही?"

"कोपऱ्यात ते आहे बघा. झाडाखालचं झाडून आणलंय. पानं आहेत, काड्या आहेत, निम्मी फुलं सुकलेली. ते मी गिऱ्हाइकाला दाखवतसुद्धा नाही."

दालेंदा वाकली आणि तिने ढिगात हात घातला. आतली फुलं अजून गार होती, पाकळ्या जाड.

"हेच द्या."

"पैसे नकोत हो त्याचे. पोरींना तुम्ही पास केलंत तेव्हा कुठे मी पैसे दिले?"

"त्या आपल्या आपण पास झाल्या. घ्या पैसे."

गोणी खांद्यावर घेऊन ती घरी आली तेव्हा श्वास लागला होता. तिने अंगणात चादर अंथरली, ढीग ओतला आणि निवडायला बसली. पानं एकीकडे, काड्या एकीकडे, काळी पडलेली फुलं तिसरीकडे. पुस्तकात मिश्रण वेगळं करण्याच्या ज्या रीती दिल्या आहेत, त्यांतली ही पहिली. मुलींना ती फार सोपी वाटते, म्हणून परीक्षेत कुणी लिहीत नाही. दालेंदाला आत्ता कळत होतं की ती सगळ्यांत लांबची आहे. ऊन कलायला लागलं होतं आणि ढीग जसाच्या तसा दिसत होता.

खोलीच्या दाराशी काठी वाजली. लल्ला बेया भिंत धरून उभी होती.

"काय करतेस?"

"निवडतेय."

"हे निवडणं झालं? तू उत्तरपत्रिका तपासल्यासारखी एकेक फूल उलटं-सुलटं करून बघतेस. मोहोर वाट बघेल का तुझी?" ती काठी टेकत आली आणि चादरीच्या कडेला हळूहळू, हुंकार देत खाली बसली. "सरक."

दालेंदा सरकली. म्हातारीने कापऱ्या हातांची ओंजळ करून फुलं उचलली आणि हलवली. हलवायची गरजच नव्हती, हात आपसूक कापत होते. पाकळ्या जड, त्या खाली पडल्या. पानं आणि काड्या बोटांत अडकून राहिल्या.

दालेंदा बघत राहिली.

"बघतेस काय? हातांना काहीतरी उपयोग आहे अजून," लल्ला बेया म्हणाली. "पेला धरायचा तेवढा नाही."

तिसऱ्या प्रहरी असरची अजान होईपर्यंत चादरीच्या मधोमध पांढरा ढीग झाला. रविवारच्यापेक्षा निम्माही नव्हता. दालेंदाने तो हंड्यात भरला, आणि पाण्याची बादली उचलता उचलता थांबली. कपाटातून तिने रविवारच्या नितळ बाटल्या काढल्या.

"साध्या पाण्याऐवजी हेच ओतू का? ह्यात थोडं तेल आधीच आहे. वाया जाणार नाही आणि फुलं कमी आहेत ती भरून निघतील."

लल्ला बेयाने डोळे बारीक केले. "हे शाळेतलं की तुझ्या मनचं?"

"शाळेतलं."

"रविवारचंही शाळेतलंच होतं."

"तेव्हा मी झोपेत होते."

म्हातारीने हंड्याकडे मान उडवली. "ओत. बिस्मिल्ला म्हण आणि ओत."

दोघी कत्ताराशी बसल्या, एक स्टुलावर, एक भिंतीला उशी लावून. डोक्यावरचं पाणी कोमट झालं की दालेंदा ते बादलीत काढायची आणि गार भरायची. कमरेतून आवाज यायचा. लल्ला बेया विस्तवाकडे बघत होती आणि बोटं तसबीच्या मण्यांवर फिरत होती. मधेच मणी थांबले.

"तू हेदीच्या वेळी रडली नव्हतीस."

"शाळेत रडायचे," दालेंदा म्हणाली. "साहित्याच्या खोलीत. कपाटाआड."

"मला काय माहीत?"

"सांगितलं नाही मी."

मणी पुन्हा फिरायला लागले. 

नळीच्या तोंडाशी थेंब जमला. दालेंदाचा हात आपोआप पातेल्याकडे गेला. लल्ला बेयाची काठी त्या हातावर पडली, जोरात नाही.

"माहीत आहे मला," दालेंदा म्हणाली.

"तुला माहीत आहे. हाताला नाही."

दालेंदाने बाटली लावली, गवताच्या विणीत मढवलेली घरातली जुनी, फुगीर बाटली. धार ढगाळ उतरली. तवंग चकाकत होता. वास असा आला की दोघींनीही एकदम श्वास आत घेतला. धार नितळ व्हायला लागली तशी दालेंदाने बाटली काढून घेतली आणि उजेडाकडे धरली. निम्मीच भरली होती.

तिचा चेहरा पडला. "निम्मीच, लल्ला. शेंड्याकडची थोडी फुलं झाडावर आहेत अजून. उद्या शाळेतून आल्यावर..."

"आण इकडे."

लल्ला बेयाने बाटली मांडीवर घेतली, दोन्ही हातांनी धरली, आणि नाकाशी नेली. आतलं पाणी तिच्या हातांबरोबर थरथरत होतं. एक थेंबही सांडला नाही, कारण बाटली निम्मी होती.

"पुरे," ती म्हणाली. "वाळून वाळून मी एवढीशी झालेय. मला किती लागणार आहे?"

"लल्ला!"

"पुरे म्हटलं ना. शेंड्यावरची फुलं तिथेच राहू दे. तू पडलीस तर मला बाटलीतून पाणी कोण शिंपडणार? झकिया? ती बोलत बोलत निम्मं जमिनीवर सांडेल."

दालेंदाने बुच घट्ट बसवलं, त्यावर मेण ओतलं आणि बाटली लल्ला बेयाच्या कपाटात, कफनाच्या कापडाच्या घडीशेजारी ठेवली. कपाटाचं दार लावलं तरी जरासा वास बाहेर राहिलाच. सहा वर्षांनी त्या कपाटाकडे बघताना तिची मान खाली गेली नाही. पण आनंद म्हणावा असंही काही झालं नाही. फक्त उचललेलं ओझं खाली ठेवल्यावर हातांना जसं काही कळेनासं होतं, तसं वाटलं.

ती बादली ओतायला उचलू लागली.

"ती कुठे नेतेस?" लल्ला बेया ओरडली.

"वरचं गार करायचं पाणी आहे. ह्यात काही नाही. नुसतं पाणी."

"नुसतं कसं? गरम आहे ना? फेकायची हौसच आहे तुला. आण, परातीत ओत आणि पाय घाल त्यात. आमच्यात कत्तार लावणारीने तेवढं करायचंच असतं. माझ्या सासूने मला शिकवलं, मी तुला कधी शिकवलं नाही, कारण तू कधी बसलीच नाहीस इथे."

दालेंदाने परात ओढली, पाणी ओतलं आणि मोजे काढले. पायाच्या शिरा फुगल्या होत्या. पाणी अंगाला सोसेल इतपत गरम होतं. बाहेर सूर्यास्ताची, मगरिबची अजान सुरू झाली. पेपरांचे दोन गठ्ठे टेबलावर तसेच पडले होते, आणि सकाळी आठला आठवीचा वर्ग होता. ती उठणार होती. हातपाय धुऊन, वुजू करून नमाज पढायची होती, सासूला सूप द्यायचं होतं.

"दोन मिनिटं," लल्ला बेया म्हणाली. "देव थांबतो तेवढं."

दालेंदाने डोकं भिंतीला टेकलं आणि पाय पाण्यात तसेच राहू दिले.